ताटावरचे हात

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी सांगितलं तर मला राग येईल. बोरखडकीची अंगणवाडी मी, रुखमाबाई, सतरा वर्षं चालवते आहे. वीस पोरं सांभाळायची आणि वर खाणीच्या आवाजाशी झगडायचं, तर आवाज चढा ठेवल्याशिवाय कसं भागेल?

खाण गावाच्या उगवतीला आहे, चुनखडीची. मुकुटबनच्या रस्त्यानं आलात की पांढरा ढीग दिसतो, तीच. रोज दुपारी साडेबाराला तिथे सुरुंग उडायचा. आधी भोंगा वाजायचा, तीनदा. मग खालून कुणीतरी लाथ घातल्यासारखी जमीन हलायची आणि अंगणवाडीच्या छपराच्या कवेलूंच्या फटींमधून माती खाली यायची. नेमकी आमची खिचडी वाढायची वेळ. त्यामुळे माझ्या पोरांना ‘अ’ यायच्या आधी एक गोष्ट येत असे. भोंगा ऐकला की दोन्ही हात ताटावर पसरायचे, मान खाली घालायची आणि सुरुंग उडून माती पडून गेली की मगच हात काढायचे. हे मी शिकवलं नव्हतं. एकाचं पाहून दुसऱ्यानं उचललं होतं. अडीच वर्षांचं पोर पहिल्या दिवशी घाबरून रडायचं आणि चौथ्या दिवशी ताट झाकायचं.

आमची खोली जुन्या पद्धतीची, दगडमातीच्या भिंतींची. मागच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यापासून आढ्यापर्यंत भेग गेली होती. त्याच भिंतीला टेकून पोरं बसत. तीन वर्षं मी अर्ज करत होते की सुरुंग गावापासून लांब न्या. त्याचं उत्तर म्हणून काय आलं, तर खाणीचा नवा खड्डा अंगणवाडीपासून दोन वावरं सोडून खणायचा बेत आला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. परवानगीच्या आधी सरकारचे एक साहेब पाहणीला येणार होते. त्यांच्या पंचनाम्यात ही भेग सुरुंगानं पडली एवढं आलं, तर नवा खड्डा थांबणार होता. नाही आलं, तर ती भिंत एक दिवस पोरांच्या अंगावर येणार, हे मला दोन अधिक दोन चार इतकं स्वच्छ दिसत होतं.

गावातलं कुणी माझ्या अर्जावर सही करत नव्हतं. ती कापसाची वाईट वर्षं होती. बीटीचं बियाणं नुकतंच आलं होतं, भाव मात्र पार बसला होता. स्वतःची वावरं असलेले लोकसुद्धा खाणीवर रोजीनं जात. मी कागद घेऊन दारात दिसले की घरधन्याला अचानक शेळीला पाणी पाजायची आठवण व्हायची.

आणि माझा नवरा मारोती. (आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी घेते, आजवर काही बिघडलं नाही.) मारोती खाणीवर भोंगा वाजवायचा. हातानं फिरवायचं यंत्र होतं ते. म्हणजे ज्या आवाजाला माझी पोरं ताट झाकत, तो आवाज आमच्याच घरातून जात होता. मारोती अबोल माणूस. मी अर्ज लिहायला बसले की तो कंदिलाची काच पुसून द्यायचा, पण सही म्हटलं की गप्प.

साहेब मंगळवारी येणार असं पत्र शनिवारी सरपंच नानाजींकडे आलं. मी नेमकी दोन दिवस वणीला बैठकीला गेले होते. रविवारी परत आले आणि अंगणवाडीचं दार उघडून तिथेच उभी राहिले. भिंत नव्या नवरीसारखी नटलेली, पांढरीशुभ्र. भेगेचा मागमूस नाही. उंबऱ्यात रांगोळी.

“कोणं केलं हे?” मी ओरडले.

आमची मदतनीस शकुबाई पदराला हात पुसत पुढे आली. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, कामाला वाघीण. “म्याच केलं बाई. साहेब येऊन राह्यले म्हणलं. फुटक्या भितीत बसवाव काय त्याईले? भेगेत कवडी कोंबली, वरून पांढऱ्या मातीचा हात फिरवला. दरसाल दिवाळीले करतो तसंच.”

कवडी म्हणजे किडका, पिवळा पडलेला कापूस, जो व्यापारी हातातही धरत नाही. त्या साली तो घरोघर पडला होता.

“अवं शकुबाई, ती भेगच तं साहेबाले दाखवाची होती ना!”

शकुबाईचा चेहरा उतरला. “मले काय माहीत बाप्पा. पाहुणा येते तं घर सारवाव का नाही?”

तिला मी बोलले ते इथे लिहीत नाही. पण खरं सांगायचं तर आधीच्या दोन दिवाळ्यांना तिच्या शेजारी उभं राहून मीच माती कालवली होती. आपल्या घरात काय मोडलं-फुटलं ते परक्याला दिसू नये, ही सवय माझीही होती. म्हणून राग दुप्पट आला.

सोमवार उजाडला. साहेब येणार म्हणून खाण सोमवारपासूनच बंद ठेवली होती. मारोतीला सुटी, म्हणून तो आमच्या वावरात कापूस वेचायला गेला. मी भिंतीकडे पाठ करून पोरांना वाढलं. बारा वाजून गेले असतील.

आधी वजनकाटा हलला. पोरांना झोळीत घालून वजन करतो तो, आढ्याला टांगलेला. झोळी रिकामी होती आणि कुणी ढकलल्यासारखी झुलायला लागली. मग रांजणावरचं झाकण थडथडलं. रस्त्यानं मोठा ट्रक जावा तसा आवाज जमिनीतून आला आणि पायाखालची फरशी सरकली. वरून माती पडायला लागली.

वीस पोरांनी ताटांवर हात पसरले आणि माना खाली घातल्या.

मीही पातेल्यावर झाकण ठेवलं आणि पदर डोक्यावर घेतला. रोजचंच होतं. फक्त पायल, चार वर्षांची, भारी चौकस पोरगी, मान खाली ठेवूनच म्हणाली, “बाई, भोंगा नाई वाजला.”

माझ्या मागे भिंतीत काहीतरी कडकडलं. वळून पाहते तर नव्या पांढऱ्या सारवणातून ती भेग खिडकीपासून आढ्यापर्यंत पुन्हा उघडली होती. आणि मला, खरं सांगते, आनंद झाला. म्हटलं, चोरून सुरुंग उडवला ना? उडवा. माझी भेग मला परत मिळाली.

तेवढ्यात मारोती धावत आला. कमरेला वेचणीची ओटी तशीच बांधलेली, त्यातून कापूस सांडत होता. चोवीस वर्षांच्या संसारात मी त्याचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता.

“पोट्टे बाहेर काढ! रुखमे, पोट्टे बाहेर काढ! सुरुंग नोहे हा!”

“नोहे तं काय हाय?”

“सुरुंगाचा धक्का एकच असते. हा दोनदा आला अन् लांबत गेला. भूकंप हाय, भूकंप!”

त्यानं दोन पोरं काखेत मारली, शकुबाईनं दोन, मी बाकीची हाकलली. सगळी कडूनिंबाखाली आली. पोरं ताटासाठी रडत होती.

पुढे काही झालं नाही. गावात एक चूल ढासळली, बस. पण संध्याकाळी नानाजींच्या टीव्हीवर बातमी आली तेव्हा साऱ्या गावाच्या तोंडचं पाणी पळालं. आमच्या भागात तोवर कुणी भूकंप पाहिलेला नव्हता. भूकंप म्हणजे किल्लारी, एवढंच आम्हांला माहीत. मुकुटबनात लोक दुकानं उघडी टाकून रस्त्यावर आले होते म्हणे. आमच्या बोरखडकीत एक माणूस घराबाहेर पडला नव्हता. सगळ्यांना वाटलं, सुरुंग.

नानाजींच्या ओसरीवर लोक यावर हसत होते. मला हसू येईना. जमीन हलत होती, भिंत फाटत होती आणि माझी वीस पोरं तिच्याखाली खिचडी झाकून बसली होती. मीही बसले होते. धक्का थोडा जोराचा असता तर? खाणीनं भिंतीला भेग पाडली, ती दिसत तरी होती. पण जमीन हलली की पळायचं असतं, ही साधी भीतीसुद्धा तिनं माझ्या पोरांच्या अंगातून काढून घेतली होती. त्याच ओसरीवर मी ठरवलं की आता माघार नाही.

खाणीचा सुपरवायझर नयनही तिथे आला होता. जवळपासचाच मुलगा, बोलायला गोड. म्हणाला, “मॅडम, तुमच्या भितीले भेग पडली म्हणते? अरेरे. निसर्गापुढं कोणाचं काय चालते? उद्या साहेबाले सांगू ना आपण, भूकंपानं नुकसान झालं म्हणून. सरकार खोली बांधून देईन.”

नानाजींनी मान डोलावली. “हे बराबर हाय. रुखमाबाई, भूकंप लिहू द्या. खाण बी चालू राहीन, लोकायची रोजी बी राहीन. कोणाचंच वाईट होत नाई.”

“पोट्ट्यायचं होते ना,” मी म्हटलं. “अन् नवा खड्डा?”

नानाजींनी टीव्हीचा आवाज वाढवला. मारोती खांबाला टेकून बसला होता, तो खाली पाहत राहिला.

मंगळवारी साहेब आले. मध्यम वयाचे, चष्मेवाले, मवाळ गृहस्थ. सोबत नयन, नानाजी आणि मागे निम्मं गाव. मी पोरांना खोलीत जाऊच दिलं नव्हतं, कडूनिंबाखाली सतरंजीवर बसवलं होतं. साहेब आत गेले, भेगेवरून बोट फिरवलं, बोटाला लागलेली पांढरी माती पाहिली.

“ही तर अगदी ताजी आहे,” ते म्हणाले. “सारवण परवाचं दिसतं आणि भेग त्यानंतरची. भूकंपाचीच.”

“होय ना साहेब,” नयन लगेच म्हणाला.

साहेबांनी पेन उघडून एक ओळ लिहिली. दारात शकुबाई उभी होती. ती रडवेल्या आवाजात मला म्हणाली, “बाई, माह्या हातानं झालं वं सारं. म्या कायले कोंबलं त्यात...”

कोंबलं. तिच्या तोंडून तो शब्द आला आणि माझे हात आपोआप भेगेकडे गेले.

मी दोन बोटं आत घातली. कडेची माती पडली आणि पांढरट-पिवळ्या कवडीचा बोळा हातात आला. तो मी साहेबांच्या कागदावर ठेवला. आणखी आत घातली. आता आला तो बोळा करडा होता, त्यावर वाळलेल्या सारवणाची खपली. अंबाड्यातला काटा काढला आणि त्यानं अगदी आतलं उकरलं. तिसरा बोळा धुरानं काळा पडला होता, त्याला कोळ्याचं जाळं चिकटलेलं आणि सरकी किड्यांनी पोखरलेली.

“साहेब,” मी म्हटलं, “भूकंप काल झाला. भितीत कापूस कोणं भरला? भूकंपानं?”

साहेबांनी काळा बोळा चिमटीत उचलला.

“म्या भरला जी!” शकुबाई पुढे आली. आता ती रडत नव्हती. “तीन सालं झाली. हा औंदाचा, हा गेल्या सालचा, अन् हा काया त्याच्या बी पहिलेचा. दरसाल बुजवतो, दरसाल फाटते.”

लोकांत कुजबूज झाली. साहेबांनी तिन्ही बोळे उलटून पाहिले. “भेग जुनी आहे, हे तर उघड आहे,” ते म्हणाले.

पण नयनही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. “जुनी असंल साहेब. मातीची भीत हाय, पाण्यापावसानं फाटतेच. सुरुंगाचा काय संबंध? आमचा सुरुंग हलका असते. इथपर्यंत तं पोट्ट्यायले कळत बी नाई. विचारा गावाले.”

साहेबांनी गावाकडे पाहिलं. मीही पाहिलं. सगळ्यांच्या नजरा आपापल्या चपलांवर. शेवटी मी मारोतीकडे पाहिलं. नयनही त्याच्याचकडे पाहत होता, जरा रोखून. मारोतीनं डोक्यावरची टोपी नीट केली आणि गर्दीतून बाहेर पडून निघून गेला.

मला इतका राग आला की डोळ्यांपुढे काही दिसेना. अर्जावर सही नको, तोंडानं शब्द नको, निदान उभं तरी राहायचं. म्हटलं, जाऊ दे. मी एकटी पुरेशी आहे. हे साहेब नाही म्हणाले तर मी यवतमाळला जाईन, तिथे नाही म्हणाले तर पुढे जाईन.

“साहेब,” मी म्हटलं, “जेवणाची वेळ झाली. पोट्ट्यायसंगं दोन घास खा, मंग काय लिहाचं ते लिहा.”

त्यांना नाही म्हणवेना. शकुबाईनं सतरंजीच्या टोकाला त्यांना बसवलं, पायलशेजारी, आणि सगळ्यांना वाढलं. साहेबांनी पहिला घास उचलला आणि खाणीकडून भोंगा वाजला.

एकदा. दोनदा. तीनदा.

वीस पोरांनी चाळीस हात ताटांवर पसरले आणि माना खाली घातल्या. डोक्यावर छप्पर नव्हतं, मोकळं आभाळ होतं. सर्वांत धाकटं तर अडीच वर्षांचं, त्याचे हात ताटभर पुरत नव्हते, म्हणून ते छातीनं ताटावर ओणवं झालं होतं.

साहेबांचा घास हातातच राहिला. “हे काय करतायत?”

पायलनं मान वर केली नाही. डाव्या कोपरानं तिनं साहेबांना ढोसलं आणि हळूच म्हणाली, “ताट झाका ना. माती पडते.”

साहेबांनी घास खाली ठेवला आणि ताटावर हात धरला.

नयन ओरडला, “कोणं वाजवला भोंगा? आज सुरुंग नाई, काई नाई!” आणि तो गाडीकडे पळाला. मला कळलं होतं कोणी वाजवला ते.

सुरुंग उडणारच नव्हता. पण पोरांना ते कुठे माहीत होतं? ती वाट पाहत बसली. खिचडीची वाफ विरली. एक माशी धाकट्याच्या कानावर बसली, तरी त्यानं हात काढला नाही. मी मुद्दाम काही बोलले नाही. बसू दे म्हटलं. गावानंही बघावं. नानाजींनी टोपी काढून हातात घेतली.

“आता किती वेळ?” साहेबांनी विचारलं. आवाज अगदी खालचा होता.

“उडल्यावर काढाचे,” पायल म्हणाली.

मग साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते. मी पोरांना म्हटलं, “काढा रे हात. आज नाई उडत.” तेव्हा कुठे ती जेवायला लागली. साहेबांनी ताट बाजूला ठेवलं, आधी लिहिलेल्या ओळीवर काट मारली आणि नवा कागद घेतला. भेग भूकंपापूर्वीची, वारंवार बुजवलेली, सुरुंगाच्या हादऱ्यांची, असं लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. साक्षीदार म्हणून पहिला अंगठा शकुबाईनं उठवला. दुसरी सही नानाजींची. मग रांग लागली.

मारोती दिवस मावळताना घरी आला. कामावरून काढलं होतं. मी पाण्याचा तांब्या दिला. तो म्हणाला, “थो कागद कुठी हाय तुझा? अर्जाचा?” मी दिला. त्यानं तीन वर्षांची राहिलेली सही केली, सावकाश, पूर्ण नावाची. म्हणाला, “उद्यापासून कापूस वेचाले मी हाय. तू यवतमाळले जाय का कुठी जाय.”

नवा खड्डा थांबला. जुना चालू आहे, त्याच्यासाठीही अर्ज चालू आहे. पोरं मी त्या खोलीत परत बसवली नाहीत. नानाजींनी आपल्या गोठ्याची एक बाजू मोकळी करून दिली.

आणि दुसऱ्याच दिवसापासून मी नवा धडा सुरू केला. जमीन हलली की ताट टाकायचं आणि कडूनिंबाखाली पळायचं. सकाळभर घोकून घेतलं. दुपारी भोंगा वाजला, जमीन हलली आणि मी ओरडले, “पळा!”

वीसच्या वीस पोरं पळाली. झाडाखाली जाऊन मी मोजली. एकही मागे राहिलं नव्हतं. प्रत्येकाच्या एका हातात ताट होतं आणि दुसरा हात त्या ताटावर.